परराज्यातली टर्की, सरकारी रान आणि बेताचा खिसा

फेब्रुवारी संपत आला की मला एकाच अर्थाचे फोन येऊ लागतात. नोकरीसाठी अमेरिकेत येऊन आठ-दहा वर्षं झालेली, शिकारीचं प्रशिक्षण नुकतंच पुरं केलेली आपली मराठी मुलं विचारतात, "दादा, यंदा वसंतात टर्कीला दुसऱ्या राज्यात जावं म्हणतोय. दोन हजार डॉलर तरी लागतील ना?" लागत नाहीत. ओहायोतल्या माझ्या घरापासून आठ तासांवरच्या सरकारी रानात आठवडाभर राहून, परवान्याचे पैसे धरून, माणशी चारशे डॉलरांच्या आत-बाहेर ही वारी होते. मी ती गेली काही वर्षं करतो आहे. मात्र हा आकडा जमायचा तर काही गोष्टी घरीच पक्क्या कराव्या लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पैशांच्या नसतात.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी आधी थोडं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली, आणि ती बंद होणं गरजेचंच होतं. त्यामुळे शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो फोटोतला संस्थानिक, नाहीतर रात्री बॅटरी घेऊन रानात शिरणारा चोर. इथल्या रानटर्कीची गोष्ट वेगळी आहे. हा पक्षी आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातला. वसंतात नर पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत माद्यांपुढे मिरवतो तेव्हा ते नातं सांगावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जंगलतोड आणि बाजारासाठी केलेली बेबंद शिकार यांनी तो कितीतरी राज्यांतून पार नाहीसा झाला होता. १९३७ साली पिटमन-रॉबर्ट्सन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांसाठी राखून राज्यांना वाटून द्यायचा, आणि वाटणी ठरवताना राज्याचं क्षेत्रफळ नि तिथल्या परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या बघायची, अशी ही व्यवस्था. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडण्याचे प्रयोग फसले. त्या टिकल्याच नाहीत. मग १९५०च्या दशकात तोफेने उडवायची जाळी टाकून रानातलेच पक्षी पकडायचे आणि दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे, हा उपाय लागू पडला. मिसूरीत १९६० साली पुन्हा वसंतातली शिकार उघडली ती ३ दिवसांसाठी, १४ काउंट्यांपुरती, आणि तेव्हा ९४ टर्की मिळाल्या. आज अलास्का सोडून बाकी ४९ राज्यांत मिळून रानटर्कींची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. हे काम सरकारी पगारदारांनी केलं, खर्च बराचसा शिकाऱ्यांनी उचलला.

हे सांगायचं कारण, बजेट मांडायला बसलं की पहिली ओरड परवान्याच्या रकमेवर होते. मिसूरीत राहणाऱ्याला वसंतातल्या टर्कीचा परवाना वीस डॉलरांच्या आत मिळतो, बाहेरच्याला दोनशेच्या वर मोजावे लागतात. हा अन्याय नाही का? मोन्टानाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे स्थानिकाला एल्क हरणाचा परवाना ९ डॉलरांना मिळत होता, तर बाहेरच्याला २२५ डॉलरांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागत होता. १९७८ साली न्यायालयाने सांगितलं की हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नव्हे, राज्य बाहेरच्यांकडून जास्त घेऊ शकतं. मला हा निकाल पटतो. त्या राज्यातला माणूस वर्षभर तिथे कर भरतो, तिथल्या रानाची उस्तवार करतो. आपण चार दिवसांचे पाहुणे. परवान्याचा खर्च हा या सहलीतला एकमेव खर्च आहे जो कमी करायच्या मागे मी लागत नाही. बाकी सगळे कमी होतात.

जायचं कुठे, यावर सल्ले उदंड मिळतात. टर्कीच्या पाच पोटजाती अमेरिकेत आहेत. पूर्वेकडे ईस्टर्न, फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात ऑसिओला, टेक्सास-ओक्लाहोमाच्या पट्ट्यात रिओ ग्रँड, डोंगराळ पश्चिमेत मेरियम्स, आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या दक्षिण कडेला थोड्या गोल्ड्स. पहिल्या चार मिळवल्या की त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. काहींना तर ४९च्या ४९ राज्यांत एकेक टर्की मिळवायची असते. या याद्यांचं वेड हेच आज सरकारी रानांतल्या गर्दीचं एक मोठं कारण आहे, असं माझं मत आहे. नव्या माणसाने पहिल्या पाच वर्षांत तरी त्या नादी लागू नये.

फ्लोरिडाचंच घ्या. ऑसिओला जगात दुसरीकडे कुठेही नाही, मोसम दक्षिण भागात मार्चच्या सुरुवातीलाच उघडतो, बाकी देश अजून थंडीत. साहजिकच देशभरची माणसं तिकडे धावतात. बाहेरच्याला टर्कीचा परवाना १२५ डॉलर, शिकारीचा परवाना वेगळा, सरकारी रानात शिरायचा आणखी वेगळा, आणि चांगल्या रानांना सोडत. आपल्याकडच्या म्हाडाच्या घरांसारखी सोडत. नाव निघालं तर निघालं. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया इथलं रान सुंदर आणि तिथली टर्कीशिकारीची परंपराही जुनी, पण पक्षी शिकाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. शिवाय तिथे नियम घट्ट होत चालले आहेत. मिसिसिपीत मोसमाच्या सुरुवातीच्या दिवसांत सरकारी रानात जायचं तर बाहेरच्याला सोडतीत नाव यावं लागतं. जॉर्जियात सरकारी रानं खासगी जमिनींपेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात. अलाबामात पहिले दहा दिवस नकली टर्की मांडायला बंदी. दक्षिणेचा पट्टा तिथे कुणी ओळखीचं असेल तरच धरावा.

मधल्या पट्ट्याकडे आलं की श्वास घ्यायला जागा मिळते. मिसूरीच्या ओझार्क टेकड्यांत मार्क ट्वेन राष्ट्रीय वन पसरलेलं आहे, सुमारे १५ लाख एकर, तुकड्या-तुकड्यांत. परवान्याला सोडत नाही. मोसम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो; सरकारी जमिनीवर शिकार दुपारी एकपर्यंतच. हा एकचा नियम मला फार आवडतो. दुपारनंतर माणूस झोपतो, रान पाहतो, दुसऱ्या दिवसाची आखणी करतो. शेजारच्या केंटकीत आणि टेनेसीत मिळून दोन मोठ्या जलाशयांच्या मधोमध लँड बिटवीन द लेक्स हे १ लाख ७० हजार एकरांचं रान आहे; तिथे सुरुवातीच्या शिकारी सोडतीने होतात. इंडियानातलं हूझियर आणि ओहायोतलं वेन ही राष्ट्रीय वनं लहान, पण शेजारच्या राज्यांतून येणाऱ्याला ती चार-पाच तासांवर पडतात, आणि दोन दिवसांच्या रजेत तेवढंच जमतं.

पश्चिमेला सरकलं की सपाट मैदानं लागतात. टर्की भरपूर, पण जमीन लोकांची. टेक्सासमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, तेव्हा बेताच्या खिशाच्या माणसाने तिकडचा विचार सोडावा. कॅन्ससने यावर चांगला मार्ग काढला आहे: राज्य शेतकऱ्यांना भाडं देतं आणि त्यांची शेतं, ओढ्याकाठची झाडी शिकाऱ्यांना पायी फिरायला खुली होते. अशी १० लाखांहून जास्त एकर जमीन तिथे आहे. वर्षानुवर्षं कॅन्सस हे बाहेरच्या शिकाऱ्यांचं आवडतं राज्य होतं. मग टर्की घटल्या, आणि २०२४ पासून बाहेरच्यांना वसंतातला परवाना सोडतीने मिळू लागला. नेब्रास्कानेही बाहेरच्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा कुणाचा अनुभव ऐकून बेत आखू नये. डिसेंबर-जानेवारीत त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचावी. सोडतीचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच भरायचे असतात. मार्चमध्ये जागा झालेल्याला ती दारं बंद मिळतात.

मेरियम्स बघायची असेल तर साउथ डकोटा आणि वायोमिंगच्या सीमेवरच्या ब्लॅक हिल्सना तोड नाही. पाइनच्या उभ्या रांगा, खाली हिरवे गवताळ चर, सुमारे १२ लाख एकरांचं राष्ट्रीय वन. इथल्या टर्की मूळच्या नव्हेत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको-कोलोरॅडोतून आणून सोडलेल्या काही पक्ष्यांची ही प्रजा. पिसाऱ्याच्या टोकाला मलईसारखा पांढरा काठ असतो, उन्हात तो फर्लांगभरावरून चमकतो. पण एप्रिलमध्ये तिथे हिमवादळात सापडायची तयारी हवी. टर्की बर्फाबरोबर वर-खाली सरकतात, म्हणून मी तरी मे महिना धरीन. माझ्या घरापासून ते वीस तासांच्या आसपास पडतं, तिघं आळीपाळीने चालवणारे असतील तरच परवडतं. आयडाहो आणि वॉशिंग्टनचा ईशान्य कोपरा चांगला आहे असं तिकडची मंडळी सांगतात. पूर्वेकडच्याला तिथे विमानाशिवाय जाणं नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

आणि ज्या भागाकडे नवा शिकारी बघतच नाही तो ईशान्येचा. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात आपली मराठी माणसं दाटीने राहतात, आणि त्यांच्या दोन-तीन तासांवर कॅट्सकिल्सचे डोंगर आहेत. न्यू यॉर्क राज्यात बाहेरच्याला शिकारीचा परवाना १०० डॉलर आणि टर्कीचा २०, मोसम १ ते ३१ मे, दाढीवाल्या दोन टर्की घ्यायची मुभा, दिवसाला एक, दुपारी बारापर्यंत. पेनसिल्व्हेनियात तर परवान्यातच वसंतातला एक पक्षी धरलेला असतो. तिथे अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वन पाच लाख एकरांच्या वर आणि राज्याच्या मालकीची शिकाररानं १५ लाख एकरांच्या. हजार मैल गाडी हाकण्याआधी हे शेजारचं पाहावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपलं होतं ते इथेच.

आता माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या वर्षी मी नऊ दिवसांत तीन राज्यं करायची ठरवली होती, तीनही ठिकाणी उद्घाटनाचा दिवस गाठायचा. तीन परवाने घेतले. पहिल्या पहाटे चार वाजता नकाशावर हेरलेल्या खडीच्या वळणावर पोचलो तर तिथे आधीच अकरा गाड्या लागलेल्या. डोंगराच्या धारेवर चारी बाजूंनी टर्कीचे कॉल वाजत होते, आणि सगळे माणसांचे. दुपारी तिथून निघालो, रात्रभर गाडी चालवली, दुसऱ्या राज्यातही तोच प्रकार. घरी आलो तेव्हा गाडीच्या मीटरवर एकोणीसशे मैल वाढले होते, अकराशे डॉलर संपले होते, आणि एकाही रानाची मला नीट ओळख झाली नव्हती. पैसे गेल्याचं दुःख कमी होतं. तीन रानांतून गेलो आणि एकाचंही पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते सांगता येत नव्हतं, हे जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम एकच: एक राज्य, एक रान, सलग सहा-सात दिवस, आणि तेही मोसमाच्या दुसऱ्या पंधरवड्यात. स्वस्त शिकारीचं सगळं गणित यात आहे. पेट्रोल एकदाच लागतं, परवाना एकच लागतो, आणि उरतो तो वेळ, जो सरकारी रानात पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिल्या दिवशीची गर्दी दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरते. पक्ष्यांचंही वेळापत्रक या बाजूचं आहे. सुरुवातीला नराभोवती माद्यांचा घोळका असतो. जिवंत मादी समोर असताना तो आपल्या लाकडी आवाजामागे कशाला येईल? पुढे माद्या दहा-बारा अंडी घालतात आणि सुमारे २८ दिवस उबवायला बसतात. मग सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला नर एकटा पडतो आणि साद ऐकून चालत येतो. ज्याला दुपारच्या जेवणाची घाई नाही त्याला तो मिळतो.

याला दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. दक्षिणेतल्या आणि मधल्या अनेक राज्यांत टर्की घटत आहेत. अंडी आणि पिल्लं जगत नाहीत, रान बदललंय, अंडी खाणारे रॅकूनसारखे प्राणी वाढलेत, अशी अनेक कारणं सांगितली जातात. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन यांच्यासारख्या संशोधकांनी असाही मुद्दा मांडला आहे की माद्या फळायच्या आधीच कळपातले दांडगे नर मारले गेले तर विणीवर परिणाम होऊ शकतो. सगळ्यांना हे पटलेलं नाही, तरी काही राज्यांनी मोसम उशिरा सुरू करायला आणि माणशी पक्षी कमी करायला घेतलं आहे. आपण पाहुणे उशिरा गेलो तर विणीला आपला धक्का कमी लागतो, स्थानिकांच्या पहिल्या आठवड्यात आपण गर्दी करत नाही, आणि आपलीही शिकार चांगली होते. परवाना दोन पक्ष्यांचा असला तरी सरकारी रानात मी एकावर थांबतो.

जमिनीबद्दल. राष्ट्रीय वनं सगळी मिळून १९ कोटी एकरांच्या वर आहेत, त्याशिवाय भूव्यवस्थापन खात्याची साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास, तीही बहुतेक पश्चिमेत. या जमिनीवर हक्क सगळ्यांचा, कुठल्याही राज्यातल्या माणसाचा. पण रानात उभं राहिल्यावर सीमा दिसत नाही. मिसूरीसारख्या राज्यात सरकारी चौकटीच्या मधोमध कुणाचं तरी कुरण असतं, आणि कुंपण नाही म्हणून जमीन मोकळी असं समजणाऱ्याला शेरीफच्या गाडीत बसावं लागतं. मोबाइलवर सीमा दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. एका राज्यापुरती वर्षाची वर्गणी जेवणाच्या एका बिलाएवढी पडते, आणि या एका गोष्टीवर मी पैसे वाचवायला सांगणार नाही. रानात सिग्नल नसतो, नकाशे घरीच उतरवून घ्यावेत. वनखात्याचा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशा फुकट मिळतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कोणता रस्ता कोणत्या तारखेला गाड्यांना बंद होतो ते त्यात असतं. बंद फाटकापलीकडे दीड-दोन मैल पायी जायची तयारी असलेल्याला गर्दी मागे पडलेली दिसते.

पश्चिमेत जाणाऱ्यांसाठी एक गुंता आहे. तिथे सरकारी आणि खासगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटूनपालटून आहेत. एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या सरकारी चौकोनात पाऊल टाकलं तर खासगी मालकाच्या हद्दीवरची हवा ओलांडली जाते. वायोमिंगमध्ये चार शिकाऱ्यांनी असं केलं आणि जमीनमालकाने त्यांच्यावर दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल त्या न्यायालयाच्या हद्दीतल्या राज्यांना लागू आहे, साउथ डकोटा आणि मोन्टानाला नाही. मी त्या निकालाने मनापासून आनंदलो, तरी अनोळखी राज्यात कोपरा ओलांडण्याआधी तिथल्या वनरक्षकाला फोन करावा. हे लोक फोन उचलतात आणि बोलतात. मिसूरीतला माझा आवडता डोंगर मला अशाच एका फोनवर मिळाला. "टर्की कुठे आहेत?" असं विचारलं की ठरावीक उत्तर येतं. मी विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही मुद्दाम लावलेला वणवा कुठे लावलात?" जळून गेलेल्या जमिनीवर दुसऱ्या वर्षी कोवळं गवत, किडे येतात, आणि तिथे टर्की येतात.

खर्चाचा हिशेब आता सोपा आहे. जाऊन-येऊन साडेदहाशे मैल, तिथली फिराफिर दोनशे. गॅलनला पंचवीस मैल देणाऱ्या गाडीला पन्नास गॅलन पेट्रोल लागतं, म्हणजे दीडशे-एकशेसाठ डॉलर, तिघांत वाटले की माणशी पन्नास-पंचावन्न. राष्ट्रीय वनात ठरवलेल्या कॅम्पच्या बाहेर रानात तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, एका जागी साधारण १४ दिवस राहता येतं. मध्ये एक रात्र अंघोळीसाठी पैसे देऊन कॅम्पवर जावं. खाण्याला माणशी साठ-सत्तर. आम्ही घरून थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी, मेतकूट नेतो. पहाटे तीनला उठणाऱ्याला मेतकूट-भातासारखं दुसरं काही बसत नाही. परवाना दोनशेचाळीस-पन्नास. बर्फ, काडतुसं, किरकोळ धरून चारशेला चिकटतं. पैसे देऊन मार्गदर्शक आणि खासगी जमीन घेतली तर हीच शिकार दीड हजारांपासून पुढे जाते. न्यू यॉर्क धरलं तर आपले परवान्यातच शंभराहून जास्त वाचतात.

सामानावर नवा माणूस सगळ्यात जास्त उधळतो. घरात असेल ती बारा किंवा वीस गेजची बंदूक चालते. टंगस्टनची नवी काडतुसं शिशापेक्षा खूपच जड धातूची, लांबवर मारतात, पण एकेक काडतूस आठ-दहा डॉलरांचं. चाळीस पावलांच्या आत मारायची शिस्त असेल तर तांब्याचा मुलामा दिलेली शिशाची जुनी काडतुसं पुरतात. फक्त त्या रानात शिसं चालतं ना ते बघावं, कॅलिफोर्नियात २०१९ पासून कुठल्याच शिकारीला चालत नाही. बंदूक आधी कागदावर चाळीस पावलांवरून मारून पाहावी, छर्रे कुठे पडतात ते कळतं. स्लेटची वीस डॉलरांची एक चकती आणि तिची काडी एवढाच कॉल पुरे. कपडे पानांच्या रंगाचे, हातमोजे आणि चेहऱ्यावर जाळी. टर्कीला वास जवळपास येत नाही, पण पापणी लवलेली दिसते.

आणि लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको, रुमालाचा कोपरासुद्धा. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. सरकारी रानात दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला टर्की समजणं ही खरी भीती आहे. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसावं, टर्कीच्या आवाजाच्या दिशेने लपतछपत जाऊ नये, दुसरा माणूस दिसला तर हात न हलवता मोठ्याने बोलावं. याच कारणासाठी नकली टर्की मी गर्दीच्या रानात नेत नाही.

दुसरी भीती गोचिडांची. ओझार्कमधल्या पाठीवर पांढरा ठिपका असलेल्या गोचिडीच्या चाव्याने काहींना सस्तन प्राण्यांच्या मांसाची अ‍ॅलर्जी होते, मटण-बीफ कायमचं बंद होऊ शकतं. कपड्यांना निघायच्या दोन दिवस आधी परमेथ्रिन मारून ते वाळवावेत आणि रोज दुपारी एकमेकांची पाठ तपासावी.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. अपवाद आहे तो कोणत्याही राज्याने रीतसर दिलेल्या, मुदतीतल्या शिकारीच्या परवान्याचा. परवाना आधी, बंदूक नंतर. मित्राची उसनी हातात घेणंही बाळगण्यात मोडतं. मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवसाचा विचार आधीच करावा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारावं, दोनशे डॉलर गेले तरी. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. शिकारीच्या प्रशिक्षणाचं एका राज्यातलं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालतं, ते गाडीत ठेवावं. प्रवासात बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी.

गेल्या वसंतात आम्ही मोसमाच्या तिसऱ्या आठवड्यात ओझार्कमध्ये होतो. पहिले दोन दिवस बंदूक तंबूतच ठेवली, फक्त संध्याकाळी धारेवर बसून ऐकलं. टर्की रात्री झाडावर बसते. सूर्य मावळताना तिच्या पंखांचा फडफडाट ओळीने ऐकू येतो. तिसऱ्या पहाटे अंधारात फाटक ओलांडून त्या झाडापासून दीडशे पावलांवर एका जुन्या ओकच्या बुंध्याला टेकलो. कुठे तरी घुबड बोललं आणि त्याच क्षणी वरून नराने गडगडून उत्तर दिलं. मी स्लेटवर तीनदा हळू काडी ओढली आणि चकती मांडीवर ठेवून दिली. तो खाली उतरला, माद्यांबरोबर दूर गेला, शांत झाला. सव्वानऊ वाजेपर्यंत काही नाही. मग कानाला नव्हे, बरगड्यांना जाणवला तो आवाज, लांबवरच्या ढोलाचा असतो तसा. नर छाती फुगवून घुमत होता. डॉगवूडच्या पांढऱ्या फुलांखालून आधी लाल-निळं डोकं आलं, मग पिसारा, आणि पिसाऱ्याच्या कडेवरून ऊन सरकत गेलं. तो थांबला, वळला, पुन्हा थांबला. मोजून अठ्ठावीस पावलं अंतर होतं.

परवान्यावर तिथल्या तिथे खूण केली, रात्री दहाच्या आत फोनवरून नोंद करायची ती दुपारीच केली. नर असल्याची खूण म्हणून छातीवरची दाढी पक्ष्याला तशीच राहू दिली. बेकायदा मिळवलेला प्राणी राज्याच्या सीमेपार नेणं हा लेसी कायद्याने केंद्रीय गुन्हा ठरतो, म्हणून कागद आणि पक्षी सोबत ठेवावेत. एप्रिल-मेच्या उन्हात मांस तासाभरात खराब होऊ लागतं. पोट लगेच साफ करून आत बर्फाची पिशवी घातली, मग शीतपेटीत.

साडेएकोणीस पौंडांचा तो पक्षी घरी चार जेवणांना पुरला. छातीचं मांस सगळेच खातात. पाय बहुतेक लोक टाकून देतात, कारण त्यात टाचणीसारख्या कडक शिरा असतात. पायांना रात्रभर हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवावं, सकाळी कुकरला सात शिट्ट्या कराव्यात, मग शिरा हाताने सुटतात. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि घरचा मसाला घालून केलेला तो रस्सा माझी आई ओहायोला आली असताना पहिल्यांदा झाला. तिने रस्सा चाखला, थोडं मीठ टाकलं आणि विचारलं, हा पक्षी कुठल्या रानातला.